पिवळा दिवा आणि समोरचा माणूस

गेल्या दिवाळीच्या साधारण तीन आठवडे आधी आमच्या चिरंजीवांच्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. त्यावर हेडलाइटचे चित्र आणि शेजारी वर-खाली टोके असलेला एक बाण. गाडी सात-आठ वर्षांची, परदेशी बनावटीची, सेकंडहँड घेतलेली. इंजिन नीट चालू होत होते, ब्रेक लागत होते, हेडलाइटही झक्क लागत होते. मग हा दिवा कशाचा? माहितीपुस्तिकेत पाहिले तर तिथे एकच ओळ होती, हेडलाइट लेव्हलिंगमध्ये बिघाड आहे, सेवा केंद्रात दाखवा. चौकातल्या ओळखीच्या मेकॅनिकने स्कॅनर जोडून बिघाडाचा कोड पुसून टाकला. "काका, सेन्सरचा किरकोळ प्रॉब्लेम आहे. चालवा तशीच, काही होत नाही," असे म्हणून त्याने पैसेही घेतले नाहीत. चार दिवसांनी दिवा पुन्हा हजर!

चिरंजीव म्हणाले, मोठ्या गॅरेजला दाखवून घेतो. त्यावर मीच म्हणालो, "अरे, दिवाळीनंतर बघ. गाडी चालतेय ना?" हा लेख म्हणजे त्या एका वाक्याचे प्रायश्चित्त आहे, असे समजायला हरकत नाही.

भाऊबीज आटोपून आम्ही कराडकडच्या आमच्या गावाहून रात्री पुण्याला निघालो. डिकीत पन्नास-पन्नास किलोची तांदळाची दोन पोती, गुळाच्या चार ढेपा आणि डझनभर नारळ. "इतके कशाला?" असे सूनबाई म्हणत होत्या, पण गावचा तांदूळ नको म्हणायचा नसतो, हे माझे मत. मागच्या सीटवर सौ., सूनबाई आणि नातू. गावापासून हायवेपर्यंतचा वीसेक किलोमीटरचा रस्ता दुपदरी आहे. त्या रस्त्यावर समोरून येणारी जवळजवळ प्रत्येक गाडी आमच्यावर दिवे मारत होती. एका टेंपोवाल्याने तर काच खाली करून शिवी हासडली. चिरंजीव वैतागून म्हणाले, "बाबा, मी डिपरवरच आहे हो. बघा, निळा दिवा लागलेला नाही." खरोखरच लागलेला नव्हता.

मग एका वळणावर मोटरसायकलवरचा एक माणूस दिसला. तो रस्त्याच्या कडेला पाय टेकून उभा राहिला होता आणि त्याने एक हात डोळ्यांवर आडवा धरला होता. मागे बसलेल्या बाईने पदराने स्वतःचे आणि मांडीवरच्या मुलाचे तोंड झाकले होते. आम्ही पुढे निघून गेलो. तो हात मला अजून दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाने एक गोष्ट सांगितली, जी आम्हा तिघा मोठ्यांच्या ध्यानात आली नव्हती. तो म्हणाला, "आजोबा, गाडी आता नमस्कार करत नाही." कसला नमस्कार, म्हणून विचारले. तेव्हा कळले की आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री गाडी सुरू केली की समोरच्या भिंतीवरचा उजेडाचा पट्टा आधी खाली जायचा आणि मग वर येऊन थांबायचा. नातू त्याला गाडीचा नमस्कार म्हणायचा. महिन्याभरापासून तो बंद झाला होता. पुढे गॅरेजच्या माणसाने सांगितले की असल्या बिघाडात पहिली तपासणी हीच असते. स्कॅनर नंतर, आधी भिंत!

गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये राहिली. मी आयुष्यभर मुलांना इतिहास आणि मराठी शिकवले. त्यामुळे एखादी वस्तू बिघडली की ती दुरुस्त करण्याऐवजी ती आली कुठून हे शोधत बसण्याची खोड आहे. त्या दोन दिवसांत आणि नंतरही जे वाचले ते आपल्यासमोर मांडतो.

सुरुवात 'डॅशबोर्ड' या शब्दापासूनच करू. हा शब्द मोटारीच्या आधीचा, घोडागाडीच्या काळातला आहे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून त्याच्या पायांसमोर एक आडवी फळी किंवा चामड्याचा पडदा असे, तो डॅशबोर्ड. म्हणजे मुळात तो स्वतःचे कपडे वाचवण्यासाठी होता. घोडा गेला, चिखल गेला, फळी मात्र राहिली आणि तिच्यावर एकेक काटा, एकेक दिवा येऊन बसला.

पहिल्या मोटारींना दिव्यांची मोठीशी गरजच नव्हती, कारण रात्री त्या फारशा कोणी चालवत नसे. कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ ऑगस्ट १८८८ मध्ये आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली तीनचाकी मोटार चालवत मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या. हा मोटारीचा पहिला लांबचा प्रवास, सुमारे शंभर किलोमीटरचा. वाटेत इंधनाची नळी तुंबली तेव्हा त्यांनी ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. त्या पहाटे निघाल्या आणि अंधार पडता पडता पोचल्या. गाडीला दिवा नव्हता.

पुढे घोडागाडीचेच तेलाचे कंदील मोटारीला लावले गेले. पण ते कंदील 'मी येतोय' एवढेच सांगायचे, रस्ता दाखवायचे नाहीत. मग आला अॅसिटिलीनचा दिवा. १८९२ मध्ये टॉमस विल्सन यांना अमेरिकेत कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात बनवण्याची रीत सापडली होती. कार्बाइडवर पाणी थेंब थेंब पडले की अॅसिटिलीन वायू तयार होतो आणि तो लख्ख पांढऱ्या ज्योतीने जळतो. आपल्याला कार्बाइड माहीत आहे ते आंबे पिकवण्याच्या बंदी असलेल्या उद्योगामुळे. तोच वायू! त्या काळच्या मोटारीचा मालक रात्री निघण्यापूर्वी दिव्यात कार्बाइडचे खडे भरायचा, पाण्याचा नळ सोडायचा आणि काडी ओढायचा. एकेका दिव्यापाशी जाऊन, वाऱ्याला पाठ करून.

विजेचा दिवा मोटारीवर खऱ्या अर्थाने रुजला तो १९१२ पासून. त्या वर्षीच्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर, जनरेटर, बॅटरी आणि दिवे यांची एकत्रित जोडणी दिली. पुढच्याच वर्षी जर्मनीत बॉश कंपनीने हेडलाइट, जनरेटर आणि बॅटरीचा संपूर्ण संच बाजारात आणला. आता बटण दाबले की उजेड. इथून पुढे खरा प्रश्न सुरू झाला. तोपर्यंत प्रश्न होता 'मला दिसत नाही.' आता नवा प्रश्न आला, 'माझ्यामुळे दुसऱ्याला दिसत नाही.'

मोटारीच्या दिव्यांचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास बघितला तर तो या दोन वाक्यांमधल्या भांडणाचा इतिहास आहे. दिवा वाढवला की समोरच्याचे डोळे दिपतात आणि कमी केला की आपण खड्ड्यात जातो. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत खाली वळवता येणारे हेडलाइट आले, पण त्यासाठी गाडी थांबवून उतरावे लागे. १९१७ च्या कॅडिलॅकमध्ये ते काम आत बसून एका दांड्याने करता येऊ लागले. १९२० च्या दशकाच्या मध्यावर जर्मनीच्या ओसराम कंपनीने 'बिलक्स' नावाचा बल्ब आणला. त्यात एकाच काचेत दोन तारा होत्या, एक लांबच्या उजेडासाठी आणि एक जवळच्या. १९२७ पासून पायाने दाबायचा डिपर आला. आपल्या अँबॅसेडरमध्येही क्लचच्या डाव्या बाजूला जमिनीवर ते बटण असायचे. आमच्या एका स्नेह्यांची अँबॅसेडर होती. ते समोरून गाडी आली की डावा पाय असा ठेक्यात आपटायचे की तबलजीने बघत राहावे.

१९५० च्या दशकात युरोपात आणखी एक सुधारणा झाली. खालच्या झोतालाच वरून एक स्पष्ट काठ देण्यात आला. काठाच्या खाली उजेड, वर अंधार. शिवाय हा काठ सरळ नसतो, रस्त्याच्या कडेच्या बाजूला तो जरा वर चढतो. आपल्याकडे डाव्या बाजूला, म्हणजे पायी चालणारा आणि सायकलवाला दिसावा आणि उजवीकडून येणाऱ्याचे डोळे मात्र वाचावेत. रात्री एखाद्या भिंतीसमोर गाडी उभी करून बघा, हा काठ स्पष्ट दिसतो. मी सत्तरी ओलांडली तरी कधी बघितला नव्हता.

आता मूळ मुद्दा. हा काठ कितीही काळजीने आखला तरी तो गाडीवर बसवलेला आहे आणि गाडी काही नेहमी सपाट नसते. डिकीत पोती टाकली की मागची बाजू दबते आणि नाक वर होते. किती? इथे मी शाळेतले त्रैराशिक मांडले. पुढच्या आणि मागच्या चाकांत २६० सेंटिमीटर अंतर आहे असे धरा आणि मागची बाजू साडेचार सेंटिमीटर दबली असे धरा. २६० ला साडेचार, तर ७५ मीटरला किती? उत्तर येते १३० सेंटिमीटर. एरवी जो काठ ७५ मीटरच्या आतच जमिनीला टेकतो, तो आता तेवढ्या अंतरावर जमिनीपासून सुमारे १२० सेंटिमीटर उंच, म्हणजे समोरच्या मोटारचालकाच्या नेमका डोळ्यांवर. चालकाच्या दृष्टीने मात्र काहीच बदललेले नसते. उलट त्याला नेहमीपेक्षा लांबचे दिसते, म्हणून तो खूशच असतो!

ही गोष्ट फार पूर्वी ओळखली ती फ्रेंचांनी. १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात सित्रोएन कंपनीने '२ सीव्ही' ही शेतकऱ्यांसाठी बनवलेली साधीसुधी गाडी मांडली. नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी अंडे फुटता कामा नये, अशी तिच्याकडून अपेक्षा होती असे सांगतात. त्यामुळे तिचे सस्पेन्शन इतके मऊ, की बटाट्याची पोती टाकली की गाडी मागे बसायचीच. म्हणून तिचे दोन्ही हेडलाइट एका आडव्या दांड्यावर बसवले होते आणि चालकाला आतूनच एक मूठ फिरवून तो दांडा कमीजास्त कलता करता येई. जगातल्या सर्वांत स्वस्त गाड्यांपैकी एका गाडीत ही सोय होती, हे मला विशेष वाटते. आजही आपल्याकडच्या अनेक गाड्यांत स्टीअरिंगच्या बाजूला ०, १, २, ३ असे आकडे असलेले एक छोटे चाक असते, ते याच मुठीचे नातवंड. त्याचा उपयोग किती जण करतात? मी सोसायटीतल्या सहा जणांना विचारले. चौघांना ते कशाचे आहे हे ठाऊक नव्हते आणि एकाने ते एसीचे आहे असे सांगितले.

त्याच कंपनीच्या 'डीएस' गाडीला १९६७ मध्ये नवे नाक मिळाले. काचेमागे चार दिवे. बाहेरचे दोन गाडी वर-खाली झाली तरी आपोआप समतल राहायचे आणि आतले दोन स्टीअरिंगबरोबर वळायचे. अमेरिकेतल्या तेव्हाच्या नियमांत हे वळणारे दिवे बसत नव्हते, म्हणून तिकडे जाणाऱ्या गाड्यांना साधे दिवे लावावे लागले. जर्मनीने १९९० पासून नव्या गाड्यांना लेव्हलिंगची सोय सक्तीची केली. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये झेनॉनचे दिवे आले. त्यांचा उजेड हॅलोजनच्या दुपटीहून अधिक. असा दिवा चुकून वर झाला तर समोरचा आंधळाच व्हायचा. म्हणून युरोपीय नियमांनी अट घातली की दोन हजार लुमेनपेक्षा जास्त उजेडाचा दिवा लावायचा असेल तर लेव्हलिंग चालकावर सोडायचे नाही, ते आपोआपच झाले पाहिजे. दुसऱ्याच्या डोळ्यांची काळजी माणसाच्या आठवणीवर सोपवता येत नाही, असा याचा सरळ अर्थ.

ही आपोआप चालणारी व्यवस्था तशी सोपी आहे. मागच्या चाकाच्या सस्पेन्शनला बोटभर लांबीचा एक दांडा जोडलेला असतो. त्याचे दुसरे टोक सेन्सरच्या एका छोट्या हाताला अडकवलेले असते. गाडी दबली की दांडा तो हात वर ढकलतो. सेन्सर ही खबर कंट्रोल युनिटला देतो आणि ते हेडलाइटमधल्या मोटरला सांगते, दिवा इतका खाली घे. काही गाड्यांत पुढच्या चाकापाशीही असाच सेन्सर असतो. गाडी सुरू करताना मोटरी दिव्यांना एका टोकापर्यंत नेऊन परत जागेवर आणतात, तो आमच्या नातवाचा नमस्कार.

आणि त्या नमस्काराची जागा चुकली की लागतो तो पिवळा दिवा. त्याचाही इतिहास गमतीचा आहे. पूर्वी गाडीत तेलाचा दाब, तापमान, विजेचा प्रवाह यांचे काटे असत. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या हडसन कंपनीने काही काट्यांच्या जागी नुसते दिवे दिले. जुन्या जाणत्या चालकांनी त्यांना नाव ठेवले 'इडियट लाइट', म्हणजे मूर्खांसाठीचा दिवा. काटा हळूहळू सरकताना शहाण्याला आधीच कळते, दिवा मात्र बिघाड झाल्यावरच लागतो, असा त्यांचा आक्षेप. आक्षेप खरा होता. पण रोज काट्याकडे बघणारे शहाणे किती, हाही प्रश्न होताच. दिवेच टिकले. त्यांचे रंगही ठरले. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर बघा, हिरवा म्हणजे अमुक चालू आहे आणि निळा म्हणजे वरचा झोत चालू आहे.

या दिव्यांमध्ये मला एक भेद दिसला. तेलाचा दिवा, तापमानाचा दिवा, बॅटरीचा दिवा, हे सगळे मालकाला सांगतात की तुझे नुकसान होते आहे. म्हणून त्यांच्याकडे आपण लगेच बघतो. पण काही दिवे दुसऱ्यांसाठी असतात. इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा कायद्याने आला तो धुरासाठी. कॅलिफोर्नियातल्या धुरकट हवेमुळे तिथे १९८८ पासून नियम झाले, १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना ती व्यवस्था सक्तीची झाली आणि भारतात २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. तो दिवा दुसऱ्यांच्या फुप्फुसांसाठी आहे. वरच्या झोताचा निळा दिवा समोरच्याच्या डोळ्यांसाठी आहे. हा लेव्हलिंगचा दिवाही त्याच जातीचा. नेमक्या याच दिव्यांना आपण 'किरकोळ' म्हणतो.

उजेड कमी केला की सगळे भले होते, असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानांना दिसू नये म्हणून ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर १९३९ पासून काळोख पाळला गेला. हेडलाइटवर झाकणे आली, रस्त्याच्या कडा आणि झाडांची खोडे पांढरी रंगवली, रात्री भरवस्तीत वेगाची मर्यादा ताशी २० मैल ठेवली. तरी १९४१ मध्ये तिथल्या रस्त्यांवर ९,१६९ माणसे मेली. आपल्याकडे डिसेंबर १९७१ च्या युद्धात मी पुण्यात कॉलेजात होतो. खिडक्यांना काळे कागद आणि वाहनांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने माखलेला. युद्ध दोन आठवड्यांत संपले, पण काळा रंग पुढे कितीतरी वर्षे ट्रकच्या आणि एस.टी.च्या दिव्यांवर कुठे पट्टा, कुठे मधोमध ठिपका होऊन राहिला. ते आपले गरिबाघरचे लेव्हलिंगच होते म्हणा ना.

आता जे लिहायचे आहे ते आमच्या नातेवाइकांपैकी मोठ्यांना माहीत आहे, लहानांना नाही.

माझे धाकटे काका, बापूकाका, १९७४ साली कराडजवळ गेले. रात्री नऊच्या सुमारास बाजाराहून सायकलवरून घरी येत होते. मागून आलेल्या ट्रकने त्यांना उडवले. ट्रकचालक पळाला नाही. त्यानेच काकांना उचलून ट्रकमध्ये घातले आणि दवाखान्यात नेले. काका तिसऱ्या दिवशी गेले, वय बत्तीस. पंचनाम्याच्या वेळी मी वडिलांबरोबर होतो. तो चालक वडिलांच्या पायांशी बसून एकच वाक्य परत परत सांगत होता, "समोरनं मोटार आली, डोळ्यांपुढं अंधारी आली, सायकल दिसलीच न्हाई." वडील काही बोलले नाहीत. मी मात्र तेव्हा चोविशीचा, मला ती पळवाट वाटली. आजी तर शेवटपर्यंत त्या ट्रकवाल्याच्या नावाने बोटे मोडत होती. आमच्या घरात या गोष्टीत नेहमी दोनच माणसे असायची, बापूकाका आणि ट्रकवाला.

समोरून आलेल्या त्या मोटारीचा विचार माझ्या मनात पन्नास वर्षांत एकदाही आला नव्हता. तिच्यात कोण होते? कदाचित बायकामुलांना घेऊन गावाहून परतणारे कोणी असेल. कदाचित त्यांच्याही डिकीत पोती असतील. त्यांनी नियम मोडला असेलच असेही नाही, दिवे खाली केलेलेही असतील. ते पुढे निघून गेले. घरी पोचले, जेवले, झोपले. मागे काय झाले ते त्यांना कधीच कळले नसेल. पंचनाम्यात त्यांचे नाव नव्हते आणि असण्याचे कारणही नव्हते. डोळे दिपवणारा माणूस अपघाताच्या जागी कधी सापडत नाही.

दिवाळीच्या त्या रात्री, मोटरसायकलवाल्याने डोळ्यांवर हात धरला तेव्हा, त्या मोटारीत मी बसलो होतो. माझा तांदूळ, माझा गूळ आणि 'दिवाळीनंतर बघ' हे माझेच वाक्य. तो माणूस शहाणा म्हणून थांबला. आमच्या मागून ट्रक येत असता आणि तो थांबला नसता तर? यापुढचे मी लिहीत नाही.

असो. गॅरेजचे सांगायचे राहिले. आधी एका ठिकाणी दोन्ही हेडलाइट बदलावे लागतील असे सांगून ऐंशी हजारांचा आकडा काढला होता. दुसऱ्या गॅरेजच्या तरुण मेकॅनिकने नमस्कार होत नाही हे ऐकल्याबरोबर गाडी वर उचलली आणि बॅटरीचा झोत मागच्या चाकाच्या आत टाकला. तो बोटभर दांडा खोबणीतून निसटून वाकला होता, बहुधा गावच्या रस्त्यावरच्या दगडाने. सेन्सरचा हात मोकळा लोंबत होता. लोंबणाऱ्या हातावरून कंट्रोल युनिटची समजूत झाली की गाडीची मागची बाजू उंच झाली आहे. म्हणून त्याने दिवे वर उचलले. मग मिळणारी खबर पटेना, तेव्हा मोटरी तिथेच थांबवून त्याने पिवळा दिवा लावला. काही गाड्यांत अशा वेळी दिवे आपोआप अगदी खाली येतात, या गाडीत ते होते तिथेच राहिले. म्हणजे दिवे आधीच वर आणि त्यात आमची पोती!

नवा दांडा अठराशे रुपयांना आला. पण तो लावून भागत नाही. डिकी रिकामी करून, चारही टायरमधली हवा बरोबर करून, गाडी सपाट फरशीवर उभी करून स्कॅनरने युनिटला 'ही तुझी मूळ जागा' असे पुन्हा शिकवावे लागते आणि मग झोताचा काठ यंत्रासमोर तपासावा लागतो. नुसता कोड पुसणे म्हणजे नापास मुलाच्या प्रगतिपुस्तकातला लाल शेरा खोडण्यासारखे. मी हे त्या मेकॅनिकला सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, "सर, तुम्ही मास्तर होता वाटतं."

संध्याकाळी गाडी घरी आली. नातवाला खाली बोलावले. चिरंजीवांनी गाडी सुरू केली. भिंतीवरचा उजेडाचा पट्टा खाली गेला, वर आला आणि आपल्या जागी थांबला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा नव्हता. मग मी नातवाला आणि चिरंजीवांना मागच्या सीटवर बसवले आणि गॅरेजातून परत आलेली तांदळाची दोन्ही पोती वॉचमनच्या मदतीने पुन्हा डिकीत ठेवली. गाडीची मागची बाजू दबली. भिंतीवरचा काठ क्षणभर वर चढला आणि हळूच परत खाली आला.

आजी असती तर तिला हे दाखवले असते, आणि त्या ट्रकवाल्याबद्दल दोन शब्द बोललो असतो.